वन बीएचकेमध्ये दागिने बनवायची जागा कशी लावायची

घरी दागिने बनवायला घेतले की पहिला प्रश्न येतो तो म्हणजे बसायचं कुठे. मुंबईत वेगळी खोली कोणाकडे असते, हॉलमध्येच टीव्ही, तिथेच पोरांचा अभ्यास, रात्री तिथेच गाद्या पडतात आणि त्यात आपले मणी, तारा, पकडी, गोंद. माझ्या ओळखीत कितीतरी जणी आहेत ज्यांच्याकडे सामान भरपूर आहे पण काम होत नाही, कारण बसायचं म्हटलं की आधी अर्धा तास शोधाशोध आणि उठताना परत अर्धा तास आवराआवर, मग उद्या बघू म्हणत आठवडा जातो. म्हणून मी पुढे जे काही सांगतेय ते सगळं ह्या एकाच हिशोबाने आहे की काम पाच मिनिटांत मांडता आलं पाहिजे आणि पाच मिनिटांत जसंच्या तसं अर्धवट उचलून ठेवता आलं पाहिजे. हे जमलं की दोन बाय दीड फुटाची जागासुद्धा पुरते, नथी, तन्मणी, कानातली सगळं त्यात आरामात होतं.

सगळ्यात आधी कागदावर लिहून काढा की तुम्ही नक्की काय बनवणार आहात. मोती ओवणं, नथ बांधणं, चिंचपेटी, बांगड्यांना रेशीम गुंडाळणं ह्या कामांना ना आवाज ना वास ना धूर, कुठेही बसा. तारेचं काम, कड्या जोडणं, कानातल्यांचे हुक वळवणं ह्याला मनगट टेकायला कडक जागा लागते आणि तारेचे तुकडे उडतात त्यामुळे ते गादीवर बसून करायचं नाही. पत्रा ठोकणं, कानस मारणं ह्याला जड न हलणारं टेबल हवं. आणि डाग देणं म्हणजे सोल्डर वितळवून धातूचे जोड पक्के करणं, ॲसिडमध्ये उजळणं, मशीनवर पॉलिश करणं हा प्रकार राहत्या घरात आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर पडद्याशेजारी ज्योत आणि पलीकडे गॅसचा सिलिंडर, वर सोल्डर आणि फ्लक्सचा (जोड नीट बसावा म्हणून लावायच्या रसायनाचा) धूर छोट्या खोलीत कोंडून राहतो, काही स्वस्त सोल्डरमध्ये कॅडमियम असतं त्याचा धूर विषारी आणि नुसत्या वासावरून काही कळतही नाही, आणि ॲसिडच्या वाफेने तुमच्या पकडीच काय खिडकीचे गजसुद्धा गंजतात. झवेरी बाजाराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये डाग देऊन, पॉलिश करून देणारे कारागीर बसलेले आहेत, त्यांना नगावर पैसे द्या आणि घरात फक्त जोडणी आणि ओवण्याचं काम ठेवा. ज्यांना हे शिकायचंच आहे त्यांनी वर्कशॉपच्या जागेत शिकावं.

आता बसायची जागा. ओवायचं काम करणाऱ्यांना मी डोळे मिटून चौरंग सांगते. जमिनीवर फिक्या रंगाची बिननक्षीची चादर अंथरायची, त्यावर चौरंग, पाठ भिंतीला टेकलेली. आपल्याकडचे जुने कारागीर आजही खाली बसूनच काम करतात आणि त्याला कारण आहे, मणी पडला तर वीतभरच खाली पडतो आणि चादरीवर लगेच दिसतो. टेबलावरून पडलेला मणी मात्र टप्पे खात थेट सोफ्याखाली. गुडघे दुखत असतील तर अर्थातच टेबल, पण ते निवडताना एक बघा, साधं लिहायचं टेबल अडीच फूट उंच असतं आणि बारीक कामाला ते कमी पडतं, मान सतत खाली जाते. सोनारकामाची बाकं छातीपर्यंत उंच असतात ती त्याचसाठी. उंच टेबल घ्यायची गरज नाही, आहे त्या टेबलावर पाच-सहा इंच उंचीचा पाट किंवा लाकडी खोकं ठेवा आणि त्यावर ट्रे ठेवून काम करा, कोपर टेकले पाहिजेत आणि काम नाकाच्या पुढे वीत दीड वीत अंतरावर आलं पाहिजे. घरात आजीचं जुनं शिलाई मशीनचं टेबल असेल तर भंगारात अजिबात देऊ नका, मजबूत असतं, बाजूला खण असतो, काम झालं की त्यावर कापड टाकून फ्लॉवरपॉट ठेवता येतो. भिंतीला लावायचं फोल्डिंग टेबल चांगलं असतं पण भाड्याच्या घरात आधी मालकाला विचारा आणि पावसाची झड येते त्या भिंतीला लावू नका, आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतींना जुलैमध्ये ओल हमखास येते आणि तिथलं प्लायवूड फुगतं.

उजेडावर पैसे खर्च करा, पकडी नंतर चांगल्या घेता येतील. खोलीतली ट्यूब आपल्या डोक्यामागे असते त्यामुळे आपलीच सावली कामावर पडते. क्लिपवाला किंवा मान वळणारा एलईडी दिवा घ्या आणि उजव्या हाताने काम करत असाल तर तो डावीकडे लावा, डावखुरे असाल तर उजवीकडे, म्हणजे हाताची सावली कामावर येत नाही. खोक्यावर दोन आकडे बघायचे, एक केल्विन, ५००० ते ६५०० च्या मधला पांढरा उजेड चालतो, आणि दुसरा सीआरआय, तो ९० च्या वर असला तर रंग खरे दिसतात. ह्या दोन आकड्यांकडे कोणी बघत नाही आणि मग पिवळ्या दिव्याखाली जोडलेले मोती दुसऱ्या दिवशी दिवसा वेगळेच दिसतात. पांढरा, क्रीम आणि किंचित गुलाबी झाक असलेला मोती हे तिन्ही पिवळ्या उजेडात एकसारखे वाटतात, आणि नथीत तर सात-आठ मोती शेजारी शेजारी येतात, एक जरी वेगळा असला तरी चेहऱ्यावर पहिला तोच दिसतो. म्हणून मोती निवडायचं काम मी दिवसाच करते, खिडकीशी, पांढऱ्या कागदावर सगळे मोती ओळीने लावून आणि बोटाने हळूहळू फिरवत, कारण एका बाजूने निर्दोष दिसणाऱ्या मोत्याच्या दुसऱ्या बाजूला बारीक खड्डा किंवा कोटिंगचा टवका असतो तो फिरवल्यावरच कळतो. निवडलेले मोती लगेच डबीत घालून वर चिठ्ठी, मग ओवायचं काम रात्री दिव्याखाली केलं तरी चालतं. भिंग वापरत असाल तर काम झाल्यावर त्यावर कापड टाका, खिडकीतून ऊन पडलं की भिंगाने चक्क आग लागू शकते.

पंखा हा आपला मुंबईतला खास प्रश्न. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं शक्य नाही आणि चालू ठेवला तर लोरियल मोती (लटकवायचे बारीक मणी), चमकी, पातळ पत्र्याची पानं सगळं उडतं आणि सुईत दोरा जात नाही. उपाय सोपा आहे, वरचा पंखा एकवर आणि छोटा टेबल फॅन जमिनीवर बाजूला थोडा मागे ठेवून अंगावर वारा घ्यायचा, कामाच्या बाजूला अजिबात नाही. शिवाय कडा असलेला ट्रे असला की बरंचसं सामान जागेवर राहतं.

आणि आता ट्रे, माझ्या मते हाच ह्या सगळ्यातला मुख्य भाग. बहुतेक जण सामान प्रकारानुसार लावतात, मोती इकडे, तारा तिकडे, कड्या तिसरीकडे, ते साठ्यासाठी ठीक आहे पण काम करताना दहा डबे उघडावे लागतात. मी एका कामाला एक ट्रे ठेवते. केकच्या सामानाच्या दुकानात ॲल्युमिनियमचे चौकोनी उथळ ट्रे मिळतात, इंचभर कडेचे, तळाला मापाने कापलेला वेलवेटचा किंवा जाड फ्लॅनेलचा तुकडा टाकायचा, त्यावर मणी घरंगळत नाहीत आणि सुईच्या टोकाने सहज उचलता येतात. मंगळदास मार्केटमध्ये कापडाचे असे तुकडे मिळतात, रंग फिका राखाडी किंवा बदामी घ्या, पांढऱ्यावर मोती दिसत नाही आणि गडद रंगाने डोळे थकतात. एका ट्रेमध्ये त्या एका दागिन्याचं सगळं सामान, मणी छोट्या वाट्यांत, लागेल तेवढी तार कापून, फासा (माळ अडकवायचा), कड्या, आणि एक चिठ्ठी ज्यावर कोणासाठी, लांबी किती, कधी द्यायचं आणि कुठपर्यंत आलंय हे लिहिलेलं. जेवायची वेळ झाली की ट्रेवर दुसरा ट्रे उपडा घालायचा, दोन बाजूंना कागद पकडायचे मोठे क्लिप लावायचे आणि कपाटात आडवा सरकवायचा. दुसऱ्या दिवशी काढला की काम जिथे सोडलं तिथूनच सुरू. तन्मणीचे सर अर्धे ओवलेले असतील तर दोऱ्याच्या टोकाला गाठ मारून भागत नाही, सुटते, तिथे छोटा कपड्यांचा चिमटा किंवा बीड स्टॉपर लावा. एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त ट्रे उघडे ठेवू नका, नाहीतर चिठ्ठ्या असूनही गोंधळ होतो.

साठ्यासाठी खणांच्या प्लास्टिकच्या डब्या घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा. झाकण लावल्यावर खणांच्या भिंती झाकणाला टेकतात का बघायचं. बाहेरून सगळ्या डब्या सारख्याच दिसतात पण बऱ्याचशा डब्यांत भिंत आणि झाकणाच्या मध्ये केसभर फट राहते. दोन मिलीमीटरचे थोडे बारीक मणी सोबत न्या, एका खणात टाका, झाकण लावा, डबी उभी करून हलवा आणि उपडी करा. मणी शेजारच्या खणात गेले तर ती डबी घेऊ नका, कारण कधी ना कधी पिशवीत ती उभी होणारच आणि मग लाल, हिरवे, सोनेरी मणी निवडत बसण्यात अख्खी दुपार जाते. दुकानदार कुरकुर करतात, करू दे. अगदी बारीक मण्यांसाठी स्क्रूच्या झाकणाच्या छोट्या गोल डब्या सगळ्यात खात्रीच्या. डबे पारदर्शकच हवेत, आणि खाण्याच्या डब्यांची ह्यात सरमिसळ नको, स्वस्त धातूच्या पार्ट्समध्ये शिसं असू शकतं, त्यासाठी काम झाल्यावर हातही साबणाने धुवा.

चिठ्ठीवर काय लिहायचं हेही महत्त्वाचं आहे. मण्यांवर मिलीमीटर आणि इंचाला किती बसतात ते लिहा, ८ मिमीचे साधारण ३, ६ मिमीचे ४, ४ मिमीचे ६, म्हणजे सोळा इंची माळेला ८ मिमीचे पन्नासेक मोती लागतील हे दुकानात उभ्या उभ्या काढता येतं. तारेवर नुसतं गेज लिहू नका, मिलीमीटर लिहा, कारण गेजच्या दोन पद्धती चालतात, एका पद्धतीत २० गेजची तार ०.९१ मिमी येते आणि दुसरीत ०.८१ मिमी, बाहेरून आलेली क्राफ्ट वायर आणि आपल्या बाजारातली तार एकाच नंबरची घेतली तरी मोत्याच्या भोकातून एक जाते आणि दुसरी अडकते. बांगड्यांचंही तसंच, २.४ म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास, साधारण ५७ मिमी, कारण टिंबानंतरचा आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो. २.६ म्हणजे ६० मिमी आणि २.८ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट मिमी. हा तक्ता एका पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, ग्राहक फोनवर माप सांगते तेव्हा उपयोगी पडतो.

हत्यारं थोडीच घ्या पण जागच्या जागी ठेवा. गोल टोकाची पक्कड, चपट्या टोकाची पक्कड दोन, कारण कडी उघडताना दोन्ही हातात पक्कड लागते, दोन साइड कटर, एक बारीक चिमटा, कात्री, स्टीलची पट्टी, व्हर्निअर, बस्स, बाकी गरज पडेल तसं. कडी उघडताना टोकं बाजूला ओढून फाकवू नका, एक टोक पुढे एक मागे असं पिळा, मग बंद केल्यावर गोल तशीच राहते, हे सगळ्यांना माहीत असतं पण घाईत कोणी करत नाही. तार कापायचा कटर वेगळा आणि गिअर वायरचा (मणी ओवायच्या बारीक तारेचा) वेगळा ठेवा कारण गिअर वायर स्टीलची असते आणि कटरच्या धारेला खाच पाडते, दोघांच्या मुठीला वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा. घरात लोखंडी कपाट असेल तर दाराची आतली बाजू म्हणजे फुकटात मिळालेली भिंत आहे, चुंबकाचे हुक लावा आणि त्यावर पकडी, कात्री, तारांची रिळं, तंगूस सगळं टांगा, दार उघडलं की सगळं समोर आणि बंद केलं की घर स्वच्छ, ड्रिल नाही, खिळा नाही. फक्त पकडी थेट चुंबकाच्या पट्टीला चिकटवून ठेवू नका, हळूहळू त्यांनाच चुंबकत्व येतं आणि मग सुया आणि लोखंडी पार्ट्स पक्कडीला चिकटत राहतात. भिंतीला चिकटवायचे प्लास्टिकचे हुक पावसाळ्यात ओलीने सुटतात, त्यांच्यावर जड काही नको. लोखंडी कपाट नसेल तर तीन मजल्यांची चाकांची ट्रॉली घ्या, वर हत्यारं, मध्ये चालू काम, खाली साठा, आणि काम झालं की फ्रिजच्या बाजूच्या फटीत ढकला.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत इतका दमटपणा असतो की सामान नीट ठेवलं नाही तर गणपतीच्या ऑर्डरी येईपर्यंत अर्धं काळं पडलेलं असतं. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे आणि ओलाव्यात ते काम भराभर होतं, खाडी किंवा मोठ्या नाल्याजवळ राहत असाल तर अजूनच लवकर. म्हणून चांदी, पितळ, तांबं आणि पॉलिशवाले पार्ट्स झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, आणि अशा सगळ्या पिशव्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं सिलिका घ्या म्हणजे कधी संपलं कळतं, नारिंगी रंगाचं ओलावा प्यायलं की हिरवं होतं, ते ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास वाळवलं की परत वापरता येतं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्टचं रसायन असतं, घरात मुलं असतील तर नकोच. रबरबँडने चांदीच्या तारेची गुंडी बांधायची नाही, रबरात गंधक असतं आणि जिथे रबर टेकतं तिथे बरोबर काळा पट्टा उमटतो, वर्तमानपत्रात गुंडाळणंही टाळा. खरे मोती मात्र ह्या सगळ्यातून वगळा, त्यांना थोडा ओलावा लागतो, सिलिकासोबत हवाबंद ठेवले तर कालांतराने कोरडे पडून तडकू शकतात. ते मलमलच्या पिशवीत, वेगळ्या खणात, अत्तर आणि स्प्रेपासून लांब. पकडींना आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात आणि कापडाने सगळीकडे पुसून घ्या, गंजलेल्या पक्कडीचा तपकिरी डाग रेशमाला लागला तर तो निघत नाही. आणि माळ्यावर काही ठेवू नका, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा माळा तर पावसात सगळ्यात ओला असतो.

गोंद. फेविक्विकसारखे झटपट गोंद खड्यांना वापरले की कधी कधी आजूबाजूला पांढरट धुरकट थर येतो, ती गोंदाची वाफ बसलेली असते, हवा कोंडलेली आणि दमट असेल तर जास्तच. खिडकी उघडी ठेवा, टाचणीच्या टोकावर घेऊन थेंबभरच लावा आणि सुकेपर्यंत डबीत बंद करू नका. सांडला तर कापसाने किंवा सुती कापडाने पुसायला जाऊ नका, सुतासोबत तो एकदम गरम होतो आणि बोट भाजू शकतं. ॲसिटोनने निघतो पण त्याने नकली मोत्याचं कोटिंगही निघतं. खडे बसवायला ई६०००, बी७००० सारखे हळू सुकणारे गोंद मला जास्त पटतात, जागा हलवायला वेळ मिळतो आणि जोड थोडा लवचिक राहतो, पूर्ण पक्का व्हायला मात्र एक ते तीन दिवस द्यायचे. नळीवर उघडल्याची तारीख लिहा. रेझिनचे (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या रसायनाचे) दागिने करणाऱ्यांनी नायट्राइलचे हातमोजे न चुकता घालावेत, कातडीला एकदा ॲलर्जी झाली की ती जात नाही, आणि भर पावसात इपॉक्सी ओतू नका, वर चिकट पांढरट थर येतो. यूव्ही रेझिनची बाटली खिडकीपासून लांब, उन्हात ती बाटलीतच घट्ट होते.

खरेदीला भुलेश्वर, मणी-मोती-खडे-पार्ट्स सगळं तिथे, हत्यारांसाठी नागदेवी, दिवे आणि वायरिंगचं लोहार चाळीत, डबे आणि क्राफ्टचं सामान क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला. हे सगळं चालत चालत होतं. सेंट्रलवाल्यांना मस्जिद किंवा सीएसएमटी, वेस्टर्नवाल्यांना मरीन लाइन्स किंवा चर्नी रोड, आणि आता मेट्रो ३ चं काळबादेवी स्टेशनही आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारी प्रचंड गर्दी, त्यामुळे मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास जा. जाताना घरातल्या मण्यांचे नमुने एका पुठ्ठ्यावर शिवून न्या, प्रत्येकाखाली दुकान, गल्ली, भाव आणि महिना लिहिलेला, कारण फोनमधल्या फोटोवर रंग जुळत नाही आणि एका लॉटचा मरून दुसऱ्या लॉटमध्ये तसाच मिळेल असं नाही. त्याच कारणाने एका सेटला लागतील त्यापेक्षा थोडे जास्त मणी एकदमच घ्या. पण ज्याला घरात रिकामा खण नाही ते सामान आणू नका, हा नियम मी पाळते आणि त्यामुळेच जागा टिकली आहे. थिनर, ब्युटेनचे डबे वगैरे ज्वालाग्राही सामान लोकलने आणायचं नाही, १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि आपल्या गर्दीत ते खरोखरच धोक्याचं आहे.

घरात रांगतं मूल असेल तर नियम कडक. मणी, खडे, छोटे चुंबक आणि बटण सेल हे सगळं कुलपात, विशेषतः चुंबक, एकापेक्षा जास्त पोटात गेले तर आतड्याला पकडून इजा करतात आणि लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. तार कापताना टोक बोटाने झाका किंवा हात डबीत घालून कापा, डोळ्यावर साधा चष्मा तरी हवा. उठण्याआधी खोलीतला दिवा बंद करून मोबाइलची टॉर्च जमिनीला टेकवून आडवी फिरवा, आडव्या उजेडात प्रत्येक मण्याची आणि तारेच्या तुकड्याची लांब सावली पडते, एकही सुटत नाही. मणी जास्त सांडले असतील तर व्हॅक्युम क्लिनरच्या तोंडाला जुना पातळ मोजा ताणून बसवा, मणी मोज्यात अडकतात, केर आत जातो.

ठोकायचं काम असेल तर ऐरणीखाली वाळूची पिशवी आणि त्याखाली रबरी मॅट, आणि दुपारची दोन ते चार ही वेळ सोडून, खालच्या घरातले काका झोपलेले असतात. फोटोसाठी वेगळा कोपरा नको, खिडकीत ट्रेसिंग पेपर लावून खाली पांढरा कार्डशीट वाकवून ठेवला की झालं. पॅकिंगचं सामान, खोकी, बबल रॅप, दिवाणाच्या खणात, ते रोज लागत नाही. संक्रांतीला हलव्याचे दागिने करत असाल तर त्याचं सगळं सामान पूर्ण वेगळ्या हवाबंद डब्यात आणि काम संपलं की ट्रेचं कापडसुद्धा धुवा, साखरेचा एक दाणा राहिला तरी रेशमाच्या लडीत मुंग्यांची रांग लागते.

राहिला कचरा. तारेचे तुकडे नेहमीच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, सफाई कामगारांच्या हाताला लागतात. टेबलाशी तीन जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या ठेवा, एक पितळ-तांब्याच्या तुकड्यांची, ती भरली की भंगारवाल्याला, एक स्टील आणि मिश्र तारेची, ती झाकण घट्ट लावून सुक्या कचऱ्यात, आणि एक फक्त चांदीची, त्यात कानसेने पडलेला भुगासुद्धा ब्रशने गोळा करून टाका, वर्षभरात जमलेली चांदी झवेरी बाजारात वजनावर घेतात.